याला काठ नको

जोरच्या एसटीतून उतरलो तेव्हा साडेदहा झाले होते.
कंडक्टर म्हणाला, आयनाबाईच्यात ना?
त्या निलगिरीखालनं उतरा.

तिचं खरं नाव आइनो.
आयना मी केलं.

चाळीसेक वर्षं झाली. वाईत, गणपती आळीतल्या माझ्या दुकानात
ती पहिल्यांदा आली, बगलेत गुंडाळी, पायात टायरच्या चपला.
पावतीसाठी नाव विचारलं. म्हणाली, आइनो.
मी भिंतीवरचा आरसा उतरवला :
केवढा पाहिजे, बाई?
ती इतकी हसली की शेजारून ओसवालशेठ बघायला आले.
पावतीवर मी आयनाबाई लिहिलं.
पुढं पोस्टमनही तसंच वाचायला लागला.

मला तिची चित्रं ठाऊक, ती इंचांत.
अठरा बाय चोवीस. तीस बाय चाळीस, सागवानी पट्टी, सोनेरी नको.
देवांचे आणि वारलेल्यांचे फोटो करणारा मी,
तिचं निळं पालथं घालून पाठीवर खिळे मारायचो,
सुतळीनं बांधून वडापच्या टपावर टाकायचो.
आज सुलट बघायला आलो,
ती गेल्यावर.

तांबडं घर. धोमच्या पाण्याकडं तोंड, रस्त्याकडं पाठ;
इकडं असं कोण बांधत नाही.
काठावर ती लाकडी खोली, घाम काढायची.
पहिल्यांदा धूर निघाला तेव्हा गावाला वाटलं, बाई पेटली.
मग लालबुंद होऊन ती पाण्यात उडी घेताना
दोघा गुराख्यांनी बघितली,
आणि दुसऱ्या मंगळवारी काठावर हिरव्या खणांच्या ओट्या पडल्या.
आसरा समजून.
खण तिनं धुऊन उशांना शिवले. अजून आहेत.

भाचा आलाय तिच्या मुलखातून, दारात वाकून उभा,
येणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करतो.
शेळी शिरली, तिलाही केला.

आत भिंतभर पाणीच.
जूनमधलं, चहासारखं.
कार्तिकातलं, कमळगड उलटा पडलेला त्यात.
एकात तर नुसता वारा आहे पाण्यावरचा;
त्याला माझी पट्टी खालच्या कोपऱ्यात सूतभर कमी पडलीय.
कुणाला दिसणार नाही. मला दिसलं.

शेवटच्या खोलीतल्याला मी कधी हात लावला नव्हता.
उघडंच, चार खिळ्यांवर.
पांढरं, आडवं, रेघारेघांनी तडकलेलं,
आणि त्यावरून माणसं चाललीत, ओझी घेऊन.

पुण्याच्या एक बाई म्हणाल्या, बर्फ.
तिकडं तळी गोठतात. लहानपण असणार तिचं.
हौसाक्कानं, तीस वर्षं तिच्या चुलीपाशी काढलेल्या,
पदराला हात पुसले.
कसला बर्फ? मे महिना हाय ह्यो.
पाणी मागं सरतं, गाळ वाळून भेगाळतो,
जुनी वाट उघडी पडती, आमी तिनंच जातो पल्याड, सरपणाला.
ही बघा मी. तिसरी.

भाच्याला विचारलं.
त्यानं पुष्कळ वेळ बघितलं,
चष्मा काढून बघितलं,
मग खांदे उडवले.

मी खिशातून टेप काढला. सवय.
एकतीस बाय सत्तेचाळीस आणि अर्धा.
तळहातावर लिहून घेतलं.
हौसाक्का म्हणाली, नका लिहू, बागवान.
मी म्हणलं हुतं तिला, वाईला धाडू या का.
तर म्हणली, याला काठ नको.
मराठीतच म्हणली.

मग तिनं कॉफी आणली, बिनदुधाची, कोळशागत काळी.
तिची एवढीच खोड मला लागली बघा, म्हणाली.
मला कडू लागली. सांगितलं नाही.

तीनची एसटी गेली.
काठावर उभा राहिलो. मार्गशीर्षातलं पाणी, तुडुंब.
ती वाट कुठून जाते
ते हौसाक्कानं बोटानं दाखवलं, वळणासकट,
बाभळीपाशी डावीकडं, मग सरळ.
मला नुसतं पाणी दिसत होतं.
हाताला घाम सुटून आकडे फिसकटले.
सत्तेचाळीस तेवढा वाचता येत होता.